टिटवी ओरडली की मागे फिरा : उन्हाळ्याच्या शेवटी तलावावर पक्षी बघताना



विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रानंतर, जूनच्या शेवटी उघडतात. त्यामुळे नवतपा संपत आला की शाळा सुरू होईपर्यंतचे काही आठवडे मोकळेच असतात. मामाच्या गावाहून परत आलो, आंबे खाऊन झाले, आता काय करायचं, असे ते दिवस. त्यातली एक सकाळ तलावाच्या काठावर घालवा.

कुणी म्हणेल, पक्षी तर हिवाळ्यात बघायचे असतात. ते काही खोटं नाही. आपल्या राज्यात पक्षी सप्ताहसुद्धा ५ ते १२ नोव्हेंबरला असतो. ५ तारखेला मारुती चितमपल्लींचा वाढदिवस आणि १२ तारखेला डॉ. सलीम अलींचा. त्या दिवसांत तलवार बदक, थापट्या, चक्रवाक हे उत्तरेकडचे पाहुणे आपल्या तलावांवर असतात. मार्च-एप्रिलमध्ये ते परत जातात आणि मागे राहतात ते आपले घरचे पक्षी. पहिल्यांदा पक्षी बघणाऱ्यासाठी मला हेच दिवस जास्त सोयीचे वाटतात. गर्दी कमी, नावं कमी, आणि पक्षी जवळ. शिवाय पाहुणे नुसते खातात-पितात आणि निघून जातात. घरच्यांचा संसार मात्र आत्ताच चाललेला असतो.

कुठे जायचं? नागपुरात अंबाझरी सगळ्यांना माहीत आहे. नाग नदीच्या पाण्याला मातीचा बांध घालून १८७० च्या सुमारास हा तलाव झाला. तलावाच्या मागच्या बाजूला वनजमिनीवर सुमारे ७५० हेक्टरचं अंबाझरी जैवविविधता उद्यान आहे. तिथे पाण्याचा काठ, गवताळ माळ आणि झाडी असं तिन्ही एकाच फेरीत मिळतं. वेळ आणि तिकीट निघण्याआधी विचारून घ्या. उत्तर नागपुरातल्यांना गोरेवाडा जवळ पडेल. खेड्यातल्या मुलांनी तर शहरात यायचीच गरज नाही. गावचा मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आपल्या कामाला पुरेसा आहे.

आता या दिवसांत तलावाचं काय होतं ते समजून घेऊ. पाणी आटत आटत मध्यभागी जातं. कडेला ओल्या गाळाचा रुंद पट्टा उघडा पडतो आणि त्यात छोटी डबकी राहतात. त्या डबक्यांत मासे अडकतात, म्हणून बगळे तिथे पंगतीला बसल्यासारखे दिसतात. गाळाच्या पट्ट्याबाहेर कोरडी, खडेवाळूची जमीन असते. आपण चालतो ती नेमकी याच जमिनीवरून. आणि टिटवी अंडी घालते तीही याच जमिनीवर.

टिटवी तुम्ही ऐकलेली आहे, रात्रीसुद्धा ओरडते ती. डोळ्यापुढे लाल गाठ, पिवळे लांब पाय. (माळावर पिवळ्या गाठीची दिसली तर ती माळटिटवी, तिची बहीण समजा.) टिटवी झाडावर घरटं करत नाही. जमिनीत बशीएवढा खळगा, कडेने चार खडे, झालं घरटं. त्यात बहुतेक वेळा चार अंडी, मातकट रंगाची आणि वर काळपट डाग असलेली. दोन पावलांवर उभे असलो तरी दिसणार नाहीत. चारही अंड्यांची निमुळती टोकं आत वळवलेली असतात. तशी ती कमी जागेत बसतात आणि टिटवीच्या पोटाखाली पूर्ण झाकली जातात.

पक्षी अंड्यांवर बसतात ते ऊब द्यायला, असं आपण परिसर अभ्यासात शिकतो. नागपुरात मात्र मे महिन्यात उलटं काम करावं लागतं. २३ मे २०१३ ला आपल्या शहरात ४७.९ अंश तापमान होतं! आतलं पिल्लू वाढायला ३७-३८ अंश पुरतात. चाळिशीच्या पुढे फार वेळ गेला की ते आतल्या आत मरतं. उघड्यावरचे खडे तर हवेपेक्षाही जास्त तापतात. म्हणून टिटवी भर उन्हात अंड्यांवर उभी राहून सावली धरते. नर-मादी आळीपाळीने हे काम करतात. कधी एक जण पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवतो आणि तशीच ओली पिसं घेऊन अंड्यांवर येऊन बसतो. उन्हाळ्यात आपण माठाला ओलं फडकं गुंडाळतो, तसंच हे. जवळजवळ महिनाभर हे चालू असतं.

आता विचार करा. सकाळचे दहा वाजलेत. आपण सातआठ जण घरट्याजवळ उभे आहोत. अंडी कुणी चोरत नाही, कुणी हातही लावत नाही. नुसतं बघतोय, फोटो काढतोय. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडते आहे आणि तिकडे अंडी उन्हात उघडी पडली आहेत. आपण "किती ओरडते ही!" म्हणून हसतो. तिचं नुकसान करायला तेवढं उभं राहणंच पुरेसं आहे.

म्हणून माझ्या वर्गाला मी एकच नियम देते. टिटवी जमिनीवर शांत असेल तर आपण ठीक जागी आहोत. ती उठून चालायला लागली, ओरडली, अंगावर आली, की आल्या पावली मागे फिरायचं. पुढे जाऊन "घरटं कुठंय?" असं शोधायचं नाही. ५०-६० पावलांवर बसा, थोड्या वेळाने ती आपोआप परत येते आणि तेव्हा घरट्याची जागा तीच दाखवते. पिल्लं अंड्यातून निघाली की काही तासांत चालू लागतात आणि आईने इशारा दिला की जमिनीला चिकटून निपचित पडतात. तेव्हा पाय बघून टाका. घरचा कुत्रा फिरायला सोबत आणणाऱ्या काका-काकूंनाही नम्रपणे सांगा, पट्टा सोडू नका म्हणावं.

टिटवीबद्दल आजी-आजोबांना नक्की विचारा. "टिटवी देखील समुद्र आटविते" ही म्हण आणि तिच्यामागची पंचतंत्रातली गोष्ट त्यांना येत असेल. शेतकरी असंही सांगतात की टिटवीने उंचावर अंडी घातली तर पाऊस जास्त, खोलगट जागी घातली तर कमी. हे खरं की खोटं? मी मुलांना उत्तर देत नाही. तपासायचं कसं ते विचारते. एका घरट्यावरून काहीच ठरणार नाही. दरवर्षी पाच-दहा घरटी, लांबूनच, आणि त्या वर्षीच्या पावसाचे आकडे असं पुष्कळ वर्षं लिहावं लागेल. दोनतीन गावांच्या शाळांनी मिळून केलं तर होण्यासारखं आहे.

बाकीचे पक्षी भराभर सांगते. वंचक, म्हणजे ढोकरी, एरवी मातकट असतो. या दिवसांत त्याची पाठ तांबूस-जांभळी होते. गायबगळ्याचं डोकं आणि मान केशरी होते. मुलं वहीत त्यांना नवीन पक्षी म्हणून लिहितात, तेव्हा चोच आणि पाय बघायला लावा. लांब गुलाबी पायांचा शेकाट्या उथळ पाण्यात दिसेल. टिबुकली बुडी मारली की कुठे वर येईल त्यावर पैज लावा. कमळपक्षी पानांवरून चालतो. त्यांच्यात अंडी उबवायचं आणि पिल्लं सांभाळायचं काम बाबाचं असतं, हे ऐकून वर्गात नेहमी हशा होतो. जलपर्णी हिरवीगार दिसते म्हणून चांगली समजू नका. ती पाणी झाकून टाकते, मग टिबुकली आणि पाणकावळा यांनी बुडी मारायची कुठे?

निघताना काही गोष्टी सांभाळा. सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो, तेव्हाच काठावर असा आणि आठच्या आत परत फिरा. डोक्याला दुपट्टा, पाण्याची बाटली, वही, पेन्सिल. दुर्बीण असली तर उत्तम, नसली तरी चालतं. गाळावर पाय ठेवायचा नाही. वरून तडकलेला, कोरडा दिसतो पण आत मऊ असतो, गुडघ्यापर्यंत पाय जातो. कडेवर उभं राहूनच त्यावरचे ठसे काढा. बदकाच्या पायाला बोटांमध्ये पडदा, बगळ्याची तीन बोटं पुढे आणि एक मागे. काठावरचा एक मोठा दगड ठरवून त्याचा आणि पाण्याचा एकाच जागेवरून फोटो काढा. दर आठवड्याला तोच फोटो. पाणी किती हटलं ते कळेल.

आणि कान उघडे ठेवा. पावशा "पेरते व्हा" म्हणून ओरडू लागला की तारीख लिहा. काळापांढरा, डोक्यावर तुरा असलेला चातक मृगाच्या आगेमागे आफ्रिकेकडून येतो, त्याची तारीख लिहा. मग पहिल्या मोठ्या पावसाची. शाळा उघडली की या तीन तारखा घेऊन या, वर्गातल्या फळ्यावर सगळ्यांच्या एकाखाली एक मांडू. तोवर विहिरीकाठच्या बाभळीवर सुगरणीची घरटी विणायला सुरुवात झालेली असेल, पुढचा पाठ तिथेच घेऊ.