अवघड जागेचे दुखणे

गाठ कर्करोगाची नाही असे कळले, की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. क्रॅनिओफॅरिंजिओमा या गाठीच्या बाबतीत मात्र तसे म्हणता येत नाही. ती शरीरभर पसरत नाही, वाढतेही सावकाश. तरीसुद्धा ती किती काढावी, यावर मेंदूचे शल्यविशारद अनेक दशके वाद घालत आले आहेत.

याचे कारण जागेत आहे. आपल्या डोळ्यांच्या मागे, कवटीच्या तळाशी असलेल्या खोबणीत वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. तिच्यावर दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या दृष्टिचेतांची फुली, आणि तिच्याही वर भूक, तहान, झोप सांभाळणारा हायपोथॅलॅमस. गर्भावस्थेत तोंडाच्या छतातून एक पिशवी वर सरकते व तिच्यापासून पीयूषिकेचा पुढचा भाग बनतो. त्या वाटेवर मागे राहिलेल्या पेशींतून ही गाठ उद्भवते, असे मानतात. मुलांत आढळणाऱ्या प्रकाराचे दात घडवणाऱ्या ऊतीशी साम्य असते, आणि त्यात कॅल्शियमचे खडेही सापडतात. मेंदूच्या तळाशी दाताचे गणगोत!

फुलीवर दाब आला की काय होते? प्रत्येक डोळ्यातील नाकाकडच्या दृष्टिपटलाचे तंतू येथे एकमेकांना ओलांडतात. तेच दबले, की दोन्ही डोळ्यांना बाहेरच्या बाजूचे दिसेनासे होते. मूल समोरचा फळा वाचते, पण बाकांच्या कडांना धडकते. त्याची उंची दोन-दोन वर्षे जागची हलत नाही. डोकेदुखी, ओकाऱ्या, सतत तहान आणि लघवी अशीही लक्षणे असतात. वर्गातील मुले ओळीने उभी राहतात तेव्हा हे आपल्याला पालकांच्या आधी दिसू शकते.

गाठीपर्यंत जाण्याचे मुख्य मार्ग दोन: कवटी उघडून, किंवा नाकावाटे दुर्बीण घालून. नाकावाटे गेल्यास गाठ खालून गाठता येते आणि मेंदू बाजूला सारावा लागत नाही. पण केलेले छिद्र नीट बुजले नाही, तर मेंदूभोवतीचे पाणी नाकातून झिरपते आणि मेंदुज्वराचा धोका संभवतो. गाठ बाजूंना फार पसरली असेल, तर कवटी उघडणेच बरे.

मार्गापेक्षा कठीण प्रश्न थांबायचे कोठे हा. कॉर्टिसोन हाती आल्यावर अशा शस्त्रक्रिया पुष्कळ सुरक्षित झाल्या, आणि बॉस्टनच्या डोनाल्ड मॅट्सन यांनी मुलांमधील गाठ समूळ काढण्याचा आग्रह धरला. मुले वाचली, परंतु हायपोथॅलॅमसला चिकटलेला भाग खरवडताना काहींची भूक कायमची बेलगाम झाली. २००७ मध्ये पॅरिसच्या एका गटाने सुचवले, की चुंबकीय प्रतिमेत हायपोथॅलॅमस गुंतलेला दिसला, तर तो भाग तसाच ठेवावा. उरलेली गाठ पुन्हा वाढू नये म्हणून पुढे किरणोपचार देतात. आम्हांला हा शहाणपणा पटतो, पण त्याचीही किंमत आहेच: वर्षानुवर्षे तपासण्या, आणि वाढत्या मेंदूवर किरणांचा मारा. प्रौढांत आढळणाऱ्या दुसऱ्या प्रकारावर औषधांच्या जोडीचा प्रयोग २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. १६ पैकी १५ रुग्णांची गाठ बरीच आक्रसली. मुलांच्या प्रकारात त्या औषधांना लागणारा जनुकीय बदल नसतो.

शाळेत परतलेले असे मूल डबा संपवून दुसऱ्याच्या डब्याकडे पाहते, ते हावरटपणामुळे नव्हे. त्याला तासाच्या मध्येही पाणी पिऊ द्यावे, बाहेर जाऊ द्यावे. आणि ताप किंवा ओकारी आली, तर शाळा सुटण्याची वाट न पाहता घरी कळवावे; हायड्रोकॉर्टिसोन घेणाऱ्या मुलाची मात्रा अशा वेळी लगेच वाढवावी लागते.