ओठावरची खपली तीन आठवड्यांत भरली नाही, तर दाखवा



१ जून ते ३१ जुलै बंदी. जाळी शिवायचे, होड्या वर काढून डागडुजी करायचे दिवस. दवाखान्याची राहून गेलेली कामंही आपण याच दिवसांत उरकतो. म्हणून हा विषय आत्ता.

आपल्यातल्याच एका तांडेलाच्या खालच्या ओठावर खपली धरली होती. दातानं सोलायची, रक्त यायचं, परत धरायची. असे सात महिने गेले. आम्ही विचारलं तर उत्तर ठरलेलं, "वाऱ्यान ओठ फुटलो, काय होवचा नाय." मध्ये एका दवाखान्यात मलम मिळालं, तेही लावून झालं. शेवटी मुलीनं हट्टानं मोठ्या इस्पितळात नेलं. तुकडा काढून तपासला तर कातडीचा कॅन्सर निघाला, पण वेळेत. ओठाचा थोडा भाग काढला, टाके पडले आणि पुढच्या हंगामात तांडेल परत सुकाणूवर. नाव लिहू नका म्हणाले, पण गोष्ट जरूर सांगा म्हणाले.

कॅन्सर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तंबाखू येते, आणि ते बरोबरच आहे. पण कामामुळेही कातडीचा कॅन्सर होतो, हे जगाला फार आधी कळलंय. १७७५ साली लंडनच्या पर्सिव्हल पॉट या सर्जननं चिमण्या साफ करणाऱ्यांचा आजार काजळीशी जोडून दाखवला. आपल्या धंद्याची गोष्ट १९३५ सालची. अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडच्या मच्छीमारांत ओठाचा कॅन्सर दिसला. तिथे जाळ्यांना डांबर लावत, आणि जाळं शिवताना सुई ओठांत धरायची सवय. डांबर रोज ओठाला लागायचं.

आपलं जाळं आता नायलॉनचं, त्याला डांबर नाही. पण सुई तोंडात धरायची खोड आपल्यातही आहे. आणि होडीच्या बुडाला काय काय फासतो ते आठवा. इंजिनाचं जळकं ऑइल उघड्या हातानं लावायचं आणि मग हात डिझेलनं धुवायचे! कोळशाचं डांबर आणि नीट शुद्ध न केलेली खनिज तेलं, दोन्ही कातडीचा कॅन्सर करतात हे सिद्ध झालेलं आहे. मोजे घाला, हात साबणानं धुवा, तेलात भिजलेला शर्ट-हाफपँट दिवसभर अंगावर ठेवू नका.

आता उन्हाकडे येऊ. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०२३ मध्ये मांडलेला हिशेब असा: मेलॅनोमा सोडून कातडीच्या इतर कॅन्सरनं जे मृत्यू होतात, त्यातला जवळजवळ दर तिसरा उन्हात काम केल्यामुळे. २०१९ या एका वर्षात १८३ देशांत मिळून सुमारे १९ हजार माणसं. अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरात खेकडे आणि कालवं काढणाऱ्यांचा अभ्यास झाला, त्यातही जितकं ऊन अंगावर जास्त साठलं तितका कातडीचा एक प्रकारचा कॅन्सर जास्त दिसला. त्याच मच्छीमारांपैकी ८३८ जणांचे डोळे तपासले, तर मोतीबिंदूचंही तसंच.

पण ते गोरे लोक. आपण सावळे. काळ्या-सावळ्या कातडीतलं रंगद्रव्य उन्हाला बरंच अडवतं, त्यामुळे उन्हानं होणारा कातडीचा कॅन्सर आपल्यात त्यांच्या मानानं खूप कमी. उगाच घाबरवायचं नाही. मात्र ओठावर रंगद्रव्य कमी आणि कातडी पातळ. वरून ऊन खालच्या ओठावरच पडतं, त्यात पाण्यावरून उलटून येणारं वेगळं. शिवाय विडी-तंबाखू. गालाला काही होत नाही म्हणून ओठालाही होणार नाही, असं नाही.

आपल्यासारख्या कातडीत दुसरी जागा म्हणजे जुनी जखम. वर्षानुवर्षं न भरलेला व्रण, भाजल्याचा जुना वण, सतत घासली जाणारी जागा. मुंबईच्या टाटा इस्पितळातले डॉ. खानोलकर यांनी १९४५ साली आपल्याच देशातला 'धोतराचा कॅन्सर' नोंदवला होता. धोतर वर्षानुवर्षं घट्ट बांधून कमरेची कातडी काचते, काळी पडते, आणि क्वचित तिथेच गाठ धरते. दोरानं काचलेला तळहात किंवा इंजिनाच्या पाइपानं भाजलेली पोटरी कुणाकडे नाही? बहुतेक बऱ्या होतात. जी बरी होत नाही, कडा जाड होतात, हात लागला की रक्त येतं, ती दाखवायची. तळपाय आणि नखंही बघा. काळा डाग वाढत असेल, नखाखाली काळी रेघ रुंदावत असेल, तर माशाचा काटा लागला असेल म्हणून सोडू नका. सावळ्या माणसांत मेलॅनोमा हा घातक प्रकार बहुतेकदा तिथेच येतो.

एक गोष्ट जेटीवर हटकून ऐकू येते: "सुरी लागली की कॅन्सर पसरतो." या एका वाक्यानं आपली माणसं घरी बसतात. तपासणीसाठी तुकडा काढल्यानं तो पसरत नाही. महिने घालवल्यानं पसरतो. आपल्या तांडेलाचंही निम्मं वर्ष याच भीतीत गेलं, हे त्यांनी आम्हाला नंतर सांगितलं.

बांबोळीच्या गोमेकॉत त्वचारोग विभाग आहे. ओपीडी सकाळी असते, लवकर निघा. एकट्यानं जायला नको वाटत असेल तर कार्यालयात सांगा, आमच्यातला कुणीतरी बरोबर येईल.

आणि टोपी. पुढे चोच असलेली क्रिकेटची टोपी कपाळाला सावली देते. कान, मान आणि ओठ उघडेच राहतात. चारी बाजूंनी रुंद कड असलेली, हनुवटीखाली दोरी बांधायची टोपी वाऱ्यातही टिकते. पोरं हसतील, हसू देत. ३१ जुलैच्या आत एकदम मागवायचा विचार आहे. हवी असेल त्यांनी भांडारात दोऱ्याची नि शिशाची मागणी लिहिताना त्याच वहीत टोपीही लिहून ठेवावी.