मुरादचं बक्षीस आणि उमापूरची बोली

झोया अख्तर यांचा ‘गली बॉय’ फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रदर्शित झाला. त्यामागे डिव्हाइन आणि नेझी या मुंबईच्या दोन रॅपरांच्या आयुष्याची प्रेरणा होती. त्यातला मुराद धारावीतल्या ड्रायव्हरचा मुलगा. वडील जायबंदी होतात आणि त्यांच्या जागी तो श्रीमंतांची गाडी चालवू लागतो. एका रात्री मागच्या सीटवर मालकाची मुलगी रडत असते. हातभर अंतरावर बसूनही तिची विचारपूस करायची त्याची पायरी नाही, आणि त्या अंतरातूनच त्याची कविता येते. पुढे मुराद स्पर्धा जिंकतो, दहा लाखांचं बक्षीस आणि अमेरिकन रॅपर नॅझच्या कार्यक्रमाआधी गाण्याची संधी मिळवतो. बहुतेकांना शेवटचा जल्लोष आठवतो. मला मात्र गाडीतला तो प्रसंग चित्रपटाचा गाभा वाटतो. गेवराई तालुक्यातल्या उमापूरसारख्या गावात मोबाइलवर रॅप ऐकणाऱ्या, स्वतः चार ओळी जुळवू पाहणाऱ्या पोरांनी या चित्रपटातून काही घ्यायचं असेल तर ते तिथून घ्यावं.

कारण खऱ्या आयुष्यातही क्रम तोच होता, आधी जगण्यातले शब्द आणि मग नाव. नेझीने २०१४ मध्ये ‘आफत’ हे गाणं आयपॅडच्या मदतीने घरच्या घरी केलं. पुढच्या वर्षी डिव्हाइनसोबतचं ‘मेरे गली में’ आलं. तेव्हा मोठी स्पर्धा नव्हती. होती ती कुर्ला-अंधेरीच्या वस्त्यांमधली रोजची बोली, आणि ती न घासता-पुसता जशीच्या तशी गाण्यात आली म्हणून लोकांनी कान दिला. ‘गली बॉय’च्याच ‘इंडिया ९१’ या गाण्यात अमरावतीचा १०० आरबीएच, म्हणजे सौरभ, आहे. वऱ्हाडी मुलखातून येऊन, आपला सूर न सोडता तो तिथवर पोहोचला. अमेरिकन रॅपर एमिनेमच्या डेट्रॉइटमधल्या दिवसांवर बेतलेल्या २००२च्या ‘एट माइल’ या चित्रपटाचा शेवट तर ‘गली बॉय’हून प्रामाणिक आहे. त्यातला नायक स्पर्धा जिंकतो आणि कारखान्यातली उरलेली पाळी भरायला निघून जातो.

उमापूरच्या बीड जिल्ह्याकडेही शब्दांचा दुष्काळ नाही. दिवाळीच्या आगेमागे हजारो कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाची उचल, नवरा-बायकोची जोडी मोजायचा हिशेब म्हणून ‘एक कोयता’, अंगाला कापणारं पाचट, बैलांपुढचं वाढं, कोपीत रात्र काढणारी लेकरं, मध्येच सुटलेली शाळा, हे सगळं ज्याच्या घरात घडतं त्याने मुंबईच्या गल्लीची हिंदी उसनी का आणावी? धारावी त्याने पडद्यावर पाहिली आहे. उचल फिटली नाही की घरात काय बोललं जातं, हे मात्र त्याने स्वतः ऐकलं आहे.

यावर कोणी म्हणेल की रॅप मुळात परका आहे, मग बोलीचा आग्रह कशाला? तो बाहेरून आला हे खरंच आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये १९७३च्या सुमारास गरीब कृष्णवर्णीय आणि लॅटिनो पोरांमध्ये तो वाढला. ‘हे आमच्याकडे आधीच होतं’ असं सांगण्याची गरज नाही. पण डफावर सवाल-जवाब करत रात्र जागवणारे कलगी-तुऱ्याचे शाहीर आणि वामनदादा कर्डकांची गाणी ज्यांनी ऐकली, त्या समाजाला तालावर झडणारा शब्द नवा नाही. घाट परका असला म्हणून मजकूरही परका असायला हवा असं नाही.

दुसरा आक्षेप पोटाचा आहे आणि तो जास्त खरा आहे. हिंदीचा बाजार मोठा, मराठी रॅपवर घर चालत नाही. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ गाजलं, पण एका गाण्याने धंदा उभा राहत नाही. म्हणूनच दहा लाखांच्या बक्षिसाचं स्वप्न मी उमापूरच्या पोराला विकणार नाही. हिंदीत तरी किती जण मुराद होतात? शिक्षण किंवा काम सुटू न देता लिहीत राहणं, हाच बहुतेकांचा मार्ग असणार आहे.

आणि एक गोष्ट ‘गली बॉय’ जवळजवळ सांगतच नाही. आपल्या भाषेतला शब्द लागतो, तेव्हा बक्षीसच मिळतं असं नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये नारायण कांबळे या वृद्ध शाहिराला गाण्यापायी अटक होते. तो चित्रपट होता. पण २०२३च्या एप्रिलमध्ये राज मुंगासे या मराठी रॅपरवर राजकीय गाण्यावरून खरोखर गुन्हा दाखल झाला. पोरांनी हे माहीत असूनच लिहावं, आणि मोठ्यांनी त्यांना एकटं सोडू नये. गणपतीला, जयंतीला, यात्रेला गावोगावी डीजेसाठी वर्गणी जमते. त्याच भोंग्यावर अर्धा तास गावातल्या पोरांना त्यांनी स्वतः लिहिलेलं म्हणू द्या, आणि पहिल्या रांगेत बसून ते ऐका.