टीव्ही घेताय? आधी ठिपके मोजा!

सुगी आटोपली, कापूस-सोयाबीनचे चार पैसे हाती आले, की घरात नव्या टीव्हीची गोष्ट निघते. मुले म्हणतात, ‘फोर-के’च घेऊ. दुकानदारही मान डोलावतो. वाचकहो, पैसे मोजण्यापूर्वी खोक्यावरच्या त्या अक्षरांचा अर्थ समजून घ्या.

टीव्हीचे चित्र म्हणजे बारीक रंगीत ठिपक्यांची लागण. शेतात जशा अमुक ओळी आणि ओळीला तमुक झाडे, तसेच हे. दोहोंचा गुणाकार केला की एकूण ठिपके कळतात. यालाच रिझोल्यूशन म्हणतात.

‘एचडी रेडी’ संचात बहुधा १३६६ गुणिले ७६८, म्हणजे सुमारे साडेदहा लाख ठिपके असतात. ‘फुल एचडी’त १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे पावणेएकवीस लाख. ‘फोर-के’त ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे त्र्याऐंशी लाख, फुल एचडीच्या बरोबर चौपट. यात एक गोम आहे. १०८० हा आकडा वरून खाली मोजलेल्या ओळींचा, तर फोर-के हे नाव आडव्या ओळीतल्या जवळजवळ चार हजार ठिपक्यांवरून पडले. म्हणून नुसत्या नावावर जाऊ नका. दोन्ही आकडे विचारा.

इंच मात्र वेगळी बाब. पडदा एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपा मोजतात. ३२ इंची आणि ४३ इंची, दोन्ही संच फुल एचडी असतील, तर ठिपके सारखेच. शेत मोठे, झाडे तेवढीच. मग लागण विरळ होणारच.

पण ही विरळ लागण डोळ्याला दिसते का? ते आपण किती लांब बसतो यावर आहे. ३२ इंची एचडी रेडी संचाचे ठिपके सुमारे सहा फुटांवरून एकमेकांत मिसळतात. ४३ इंची फुल एचडीचेही जवळपास तसेच. आपल्या ओसरीत माणसे आठ-दहा फुटांवर बसत असतील, तर ४३ इंची फोर-के आणि फुल एचडी यांच्या ठिपक्यांतला फरक बहुतेकांना कळणारही नाही.

शिवाय जसे बी, तसे पीक. साध्या वाहिनीचे चित्र ५७६ ओळींचेच येते. फोर-के संच उरलेले ठिपके अंदाजाने भरतो. नवे तपशील आणू शकत नाही. इंटरनेटवरून फोर-के चित्र पाहायचे, तर तसा कार्यक्रम हवा आणि गावात जोडणीही वेगवान हवी.

आता खरी सावधगिरी. काही खोक्यांवर ‘फोर-के सपोर्ट’ असे ठळक छापलेले असते. त्याचा अर्थ एवढाच, की संच तसे चित्र आत घेतो. दाखवतो मात्र स्वतःच्या पडद्यावर असतील तेवढ्याच ठिपक्यांत. म्हणून दुकानदाराला स्पष्ट विचारा, “पडद्याचे स्वतःचे, म्हणजे ‘नेटिव्ह’ रिझोल्यूशन किती?” आकडा खोक्यावर पाहा आणि मॉडेल क्रमांकासह पक्क्या बिलावर लिहून घ्या. उद्या तक्रारीची वेळ आली, तर तोच कागद कामी येईल.

साध्या वाहिन्या पाहणाऱ्या छोट्या घराला ३२ इंची एचडी रेडी पुरे. ४३ इंचीला फुल एचडी चांगले. पडदा ५० इंचांच्या वर घेणार असाल आणि जवळून पाहणार असाल, तर फोर-केचा विचार करा. पैसा घामाचा आहे. तो अक्षरांना नव्हे, डोळ्यांना दिसेल अशा चित्राला द्या.