सिकलसेल : कळ शरीरात, पुरावा कागदावर

सिकलसेलचा रुग्ण समोर बसला तरी तो आजारी आहे हे अनेकदा कळत नाही. हातपाय धड असतात, चालणे-बोलणे नेहमीसारखे असते. कळ उठली की मात्र पाठ, छाती, सांधे असह्य दुखू लागतात आणि शाळा, मजुरी, नोकरी सगळे थांबते. या न दिसणाऱ्या आजाराला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचा दर्जा दिला. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, नव्या कायद्यात ते २१ झाले. त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे रक्ताचे आजार आले. पण हा हक्क प्रमाणपत्राशिवाय हाती पडत नाही आणि रुग्णांची खरी वाट पाहणी तिथेच सुरू होते.

विदर्भाला हा आजार नवा नाही. नागपुरातील डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकलसेलची नोंद १९५८ मध्येच प्रसिद्ध केली होती. सेवाग्रामला १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली. या संस्थेत आणि तिच्या कस्तुरबा रुग्णालयात हा आजार उपचाराचा आणि संशोधनाचाही विषय राहिला आहे.

आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आले की मूल रुग्ण ठरते, म्हणजेच ‘एसएस’. एकाकडूनच आले तर ते वाहक, म्हणजे ‘एएस’. वाहकाला सहसा त्रास नसतो आणि दिव्यांग प्रमाणपत्रही रुग्णालाच मिळते. रुग्णाच्या लाल पेशी प्राणवायू कमी पडताच विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही पेशी जेमतेम १० ते २० दिवस. त्यामुळे रक्त कायम कमी राहते. पुढे प्लीहा, मूत्रपिंड आणि खुब्याचे हाड यांची हानी होते, कधी पक्षाघातही होतो. हायड्रॉक्सियुरिया या गोळीने कळा कमी होतात, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित घ्यावी लागते.

दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक ठरले तर उच्च शिक्षणातील पाच टक्के राखीव जागांसाठी अर्ज करता येतो. सरकारी नोकरीतील चार टक्के आरक्षणाच्या यादीत मात्र रक्ताचे आजार नाहीत. राज्यात सिकलसेल रुग्णांना एसटीच्या साध्या बसमध्ये मोफत प्रवासाची सवलत आहे. दर महिन्याला तपासणीसाठी तालुक्याहून दवाखाना गाठणाऱ्या कुटुंबाला तिचा मोठा आधार असतो.

अडचण मोजमापात आहे. अंधत्व किंवा पायातील व्यंग तपासणीच्या दिवशी दिसते. सिकलसेल दिसेलच असे नाही. कळ मंगळवारी येऊन गेली आणि वैद्यकीय मंडळाची तारीख शुक्रवारी असेल, तर रुग्ण ठणठणीत दिसतो. म्हणून टक्केवारी ठरवताना किती वेळा कळा आल्या, किती वेळा रक्त चढवावे लागले, कोणत्या अवयवांना इजा झाली, हे जुन्या कागदांवरूनच पाहावे लागते. गाडीभाडे नाही म्हणून जो घरीच कण्हत पडला, त्याच्या दुखण्याची नोंद कुठेच होत नाही. सर्वात गरजू रुग्णाची फाईल सर्वात पातळ राहते ती अशी. मग ‘आणखी कागद आणा’ म्हणून फेरी आणि फेरीसाठी एक दिवसाची मजुरी बुडते.

नियमांनीही ही प्रतीक्षा लांबवली. २०१७ च्या नियमांनुसार अर्जानंतर महिनाभरात प्रमाणपत्र मिळायला हवे होते. ऑक्टोबर २०२४ मधील दुरुस्तीने ही मुदत तीन महिने झाली. दोन वर्षांहून अधिक काळ निर्णय झाला नाही, तर अर्ज निष्क्रिय होतो आणि पुन्हा अर्ज करावा लागतो किंवा वैद्यकीय प्राधिकरणाकडे पाठपुरावा करावा लागतो. म्हणजे विलंबाचा भार पुन्हा रुग्णावरच येतो.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. शून्य ते ४० वर्षे वयोगटातील सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे लक्ष्य आहे. तपासणी वाढली की नवे रुग्ण समोर येणार, प्रमाणपत्राची गरजही वाढणार. निदानाच्या वेळीच रुग्णाच्या हाती नोंदवही दिली आणि प्रत्येक कळ, भरती व रक्तसंक्रमण तिथे लिहिले गेले, तर मंडळाचेही काम सोपे होईल.

तोपर्यंत रुग्णांनी काही गोष्टी सांभाळाव्यात. हिमोग्लोबिनच्या प्रकाराचा, म्हणजे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीचा अहवाल जपावा. प्रत्येक डिस्चार्ज कार्ड आणि रक्त चढवल्याची नोंद एकाच फाईलमध्ये ठेवावी. कळ घरीच सोसली असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना तारखेसह सांगून केसपेपरवर लिहून घ्यावी. ‘स्वावलंबन’ संकेतस्थळावर अर्ज केल्यावर अर्ज क्रमांक टिपून ठेवावा. टक्केवारी मान्य नसेल तर कायद्यात अपिलाची सोय आहे, तिचा वापर करावा.