विश्लेषण : मुंबईत उतरल्यावर सामानासह हॉटेलपर्यंत स्वस्तात कसे पोहोचायचे?

मुंबईच्या गाडीचे तिकीट महिनाभर आधी निघते, हॉटेलची खोलीही आधीच ठरते. विचार करायचा राहून जातो तो स्थानक ते हॉटेल या शेवटच्या टप्प्याचा. रात्रभराचा प्रवास, हातात दोन-तीन बॅगा, सोबत लहान मुले किंवा रुग्ण. अशा वेळी बाहेर उभा असलेला चालक सांगेल तो आकडा मान्य केला जातो आणि कधी कधी स्लीपरच्या तिकिटाएवढे पैसे या तासाभराच्या प्रवासात जातात. हा खर्च कमी करण्याची सुरुवात मात्र स्थानकाबाहेर नव्हे, तर तिकीट काढतानाच होते.

सगळ्या गाड्या एकाच ठिकाणी येतात का?

नाही. बाहेरगावच्या गाड्या प्रामुख्याने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (सीएसएमटी), दादर, कुर्ल्याचे लोकमान्य टिळक टर्मिनस (एलटीटी), मुंबई सेंट्रल आणि वांद्रे टर्मिनस येथे येतात. कोकणातूनच येणाऱ्या गाड्या पाहा. कोकणकन्या सीएसएमटीची, तुतारी दादरची, तर मत्स्यगंधा एलटीटीची. त्यामुळे आधी हॉटेलचा परिसर पाहावा आणि मग गाडी निवडावी. फोर्ट, कुलाबा, चर्चगेटसाठी सीएसएमटी सोयीचे. परळच्या टाटा रुग्णालयाजवळ राहायचे असेल तर दादरला उतरावे. तिथून अंतर दोन-अडीच किलोमीटरचे असल्याने टॅक्सीचे मीटर ४० ते ५० रुपयांच्या आसपास थांबते. हॉटेल ठाण्यात किंवा कल्याणमध्ये असेल आणि गाडी तिथे थांबत असेल, तर टर्मिनसपर्यंत जाऊन उलटे येण्यात वेळ आणि पैसा दोन्ही वाया जातात.

रिक्षा करावी की टॅक्सी?

हे प्रवाशाच्या निवडीवर नाही, परिसरावर ठरते. रिक्षा केवळ उपनगरांत चालतात. पश्चिमेला वांद्रे आणि पूर्वेला शीव ओलांडून दक्षिणेकडे त्यांना परवानगी नाही. एलटीटीहून घाटकोपर किंवा चेंबूरला रिक्षाने जाता येते. दादर, परळ किंवा फोर्टला टॅक्सीच लागते. हे ठाऊक नसलेल्या प्रवाशाला मध्येच शीवला उतरून सामानासह दुसरे वाहन शोधावे लागते.

फेब्रुवारी २०२५ पासूनच्या दरांनुसार पहिल्या दीड किलोमीटरसाठी रिक्षाचे किमान भाडे २६ रुपये आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे ३१ रुपये आहे. पुढे प्रत्येक किलोमीटरला रिक्षा १७.१४ आणि टॅक्सी २०.६६ रुपये आकारते. मध्यरात्री १२ ते पहाटे ५ या वेळेत २५ टक्के जादा द्यावे लागतात.

प्रत्यक्षात किती फरक पडतो?

चार जणांचे कुटुंब एलटीटीला उतरले आणि हॉटेल सीएसएमटीपासून दीड किलोमीटरच्या आत आहे, असे समजू. रस्त्याने अंतर १७ किलोमीटर धरले तर टॅक्सीचे भाडे सुमारे ३५० रुपये होते. वाहतूक कोंडीत ते आणखी वाढते, मध्यरात्रीनंतर ४४० च्या घरात जाते. आता दुसरा मार्ग. एलटीटीहून हार्बर मार्गावरचे टिळकनगर स्थानक चालत जाण्याजोगे आहे. तिथून सीएसएमटीच्या लोकलचे द्वितीय श्रेणीचे तिकीट माणशी दहा रुपयांच्या आसपास. चौघांचे ४० आणि पुढे टॅक्सीचे ३१, म्हणजे एकूण ७१ रुपये. सूत्र सोपे आहे. लांबचे अंतर लोकलने कापायचे, टॅक्सी किंवा रिक्षा फक्त शेवटच्या किलोमीटर-दोन किलोमीटरसाठी घ्यायची.

बॅगा घेऊन लोकलमध्ये चढता येते का?

वेळ आणि दिशा पाहिली तर येते. सकाळी साधारण आठ ते अकरा सीएसएमटी आणि चर्चगेटकडे, तर संध्याकाळी पाच ते साडेआठ उपनगरांकडे जाणाऱ्या लोकल खचाखच भरलेल्या असतात. त्या वेळी मोठ्या बॅगेसह चढण्याचा प्रयत्न करू नये. उलट दिशेच्या गाड्यांत तुलनेने जागा मिळते. मधल्या स्थानकांवर लोकल काही सेकंदच थांबते, त्यामुळे जिथून गाडी सुटते तिथे चढणे किंवा जिथे ती संपते तिथे उतरणे सामानासाठी सुरक्षित. माणशी एकच बॅग असेल आणि ती स्वतःला उचलून पुलाच्या पायऱ्या चढता येत असतील, तरच हा मार्ग खऱ्या अर्थाने स्वस्त ठरतो. हमाल करायचा असेल तर रेल्वेने ठरवलेला दर विचारून, रक्कम आधीच नक्की करावी.

वांद्रे टर्मिनसला उतरणाऱ्यांसाठी २०२२ पासून खार रोड स्थानकाला जोडणारा पादचारी पूल आहे. त्यामुळे रस्त्यावर न येता पश्चिम रेल्वेची लोकल गाठता येते. दादरला फलाटांचे क्रमांक डिसेंबर २०२३ पासून सलग झाले आहेत. १ ते ७ पश्चिम रेल्वेचे आणि ८ ते १४ मध्य रेल्वेचे. जुने क्रमांक सांगणाऱ्यांवर विसंबू नये.

मेट्रोचा उपयोग होतो का?

आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. सीएसएमटी, मुंबई सेंट्रल आणि दादर या तिन्ही ठिकाणी तिची स्थानके आहेत. भाडे १० ते ७० रुपये, म्हणजे लोकलपेक्षा जास्त. पण सरकते जिने आणि लिफ्ट असल्याने जड बॅगेसह ती सोपी पडते.

गाडी पहाटे पोहोचली आणि खोली दुपारी मिळणार असेल तर?

पहाटेची वेळ खरे तर फायद्याची. लोकल रिकाम्या असतात आणि बरीच हॉटेले सामान ठेवून घेतात. त्यासाठी आदल्या दिवशी फोन करून विचारावे. नाही तर मोठ्या स्थानकांवरील क्लोक रूममध्ये तिकीट आणि ओळखपत्र दाखवून सामान ठेवता येते, मात्र बॅगेला कुलूप हवे.

टॅक्सी केव्हा करावी?

सोबत आजारी किंवा वृद्ध व्यक्ती असेल, सामान जास्त असेल किंवा रात्री एक ते पहाटे चारच्या दरम्यान लोकल बंद असेल, तेव्हा टॅक्सीचा खर्च योग्यच. फक्त ती मीटरने करावी. निघण्यापूर्वी मोबाइलवर अंतर पाहून वरच्या दराने भाडे काढावे. ॲपवरील टॅक्सीचा दर मागणीनुसार बदलतो, तोही याच आकड्याशी ताडून पाहावा. प्रीपेड खिडकी सुरू असेल तर तिथली पावती घ्यावी आणि ती मुक्कामी पोहोचल्यावरच चालकाला द्यावी. भाडे नाकारणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १७८ नुसार गुन्हा आहे. वाद घालत बसण्यापेक्षा वाहनाचा क्रमांक टिपून परिवहन विभागाकडे तक्रार करावी. अंदाजे भाडे आधीच ठाऊक असलेल्या प्रवाशाला अवाच्या सवा आकडा सांगणे चालकालाही कठीण जाते.