वाफेचं व्यसन

परवा एका नातलगाच्या घरी सोफ्याच्या फटीत पेनड्राइव्हसारखी एक वस्तू सापडली. आंब्याचा वास येत होता, म्हणून मुलाच्या आईला ती अत्तराची काहीतरी नवी तऱ्हा वाटली. कॉलेजात जाणारा मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "चाचा, अम्मीला सांगू नका. नुसती वाफ असते ती."

श्रोतेहो, ती ई-सिगारेट होती. तिच्यात विस्तव नसतो, तंबाखूचं पानही नसतं. बॅटरीवर तापणारी बारीक तारेची गुंडाळी असते. प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन आणि वासाची द्रव्यं यांचं मिश्रण तिच्यावर तापतं. बाहेर येतो तो सूक्ष्म थेंबांचा फवारा. तंबाखू जळल्यावर तयार होणारं डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड बरंचसं टळतं, हे खरं आहे. पण निकोटिन तेच.

निकोटिन काय चीज आहे, ते मला रमजानने शिकवलं. सिगारेट ओढत होतो त्या काळात दिवसभर पाण्यावाचून निभायचं. पण खजूर तोंडात टाकला की हात आधी खिशातल्या पाकिटाकडे जायचा, जेवणाकडे नंतर. पोरवयात ही सवय लागली, तर वास आंब्याचा होता की पुदिन्याचा, याने काय फरक पडतो?

आपल्याकडे सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात त्याचा कायदा झाला. ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात, सगळ्यावर बंदी आली. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही; पुन्हा केल्यास तीन वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. साठा करणंही गुन्हाच. नुसतं ओढणाऱ्याला मात्र या कायद्यात शिक्षा नाही, आणि ते मला योग्य वाटतं. व्यसनी माणूस हा गिऱ्हाईक असतो, व्यापारी नव्हे.

इंग्लंडने उलटी वाट धरली. सिगारेट सुटावी म्हणून तिथे सरकारच ही उपकरणं वापरायला सुचवतं. पण शाळकरी मुलांच्या हाती ती पडू लागली, तेव्हा एकदा वापरून फेकायच्या प्रकारावर जून २०२५ पासून त्यांनाही बंदी घालावी लागली.

मी बंदीच्या बाजूचा आहे. तरी एक गोष्ट खटकते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक तंबाखूचं सेवन करणारे निघाले. त्यातले बहुतेक चुना-तंबाखू मळणारे, मिसरी लावणारे. धूर काढणारे अवघे ३.८ टक्के. गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे, आणि टपरीवर तो कसा मिळतो हे कोणाला ठाऊक नाही? बिडी तर उघड विकली जाते. साहेबी वाफेला कायदा आणि गरिबाच्या बिडीला मोकळं रान, असा हा मामला आहे.

त्या मुलाला मी रागावलो नाही. १८००-११२-३५६ हा तंबाखू सोडवण्यासाठीचा सरकारी मोफत दूरध्वनी क्रमांक त्याला लिहून दिला. ती वस्तू कुठून आणली, हे मात्र त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही.